सिंड्रेलाची रूपांतरं अभ्यासायची तर बुटाच्या मागे जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.च्या प्रकल्पासाठी 'सिंड्रेला आणि तिची वेगवेगळ्या माध्यमांतली रूपांतरं' हा विषय घेतलाय. फ्रेंच लेखक पेरो आणि जर्मनीचे ग्रिम बंधू यांच्या कथा वाचून झाल्या, चार-पाच सिनेमे बघून झाले, फरकांचा भला मोठा तक्ता तयार झाला. तो बघून गाईड मॅडम म्हणाल्या, "हा तक्ता झाला, अभ्यास कुठाय?" आता मूळ कथा कोणती धरायची, किती रूपांतरं घ्यायची आणि हातात उरलेल्या दोन महिन्यांत हे कसं उरकायचं, असं तुम्ही विचारताय.

मी तौलनिक साहित्य आणि चित्रपट रसास्वाद शिकवते. परीकथांवरचे प्रकल्प दरवर्षी येतात आणि बरेचसे याच तक्त्यापाशी येऊन थबकतात. तक्ता करण्यात काही वावगं नाही, तो करायलाच हवा. पण तो फक्त 'काय बदललं' एवढंच सांगतो, आणि ते दोन्ही बघितलेला कुणीही सांगेल. हा बदल केल्यावाचून रूपांतर करणाऱ्याचं का भागलं नसतं, हे तक्त्याच्या चौकटीत मावत नाही. तुमच्या मॅडमना तेच हवं असावं.

एक गोष्ट आधीच सांगते. तुमचा विभाग साहित्याचा आहे की माध्यमांचा, तुम्हाला इंग्रजीखेरीज आणखी कुठली भाषा वाचता येते का, पाश्चात्त्य संगीत ऐकायची सवय आहे का, यावर माझ्या उत्तरातलं बरंच काही अवलंबून आहे. ऑपेरा किंवा बॅले मी सुचवला तरी तुम्हाला त्यात रस नसेल तर ओढूनताणून घेऊ नका. पद्धत मात्र तीच राहील.

आता 'मूळ कथा'. तुम्ही पेरो धरावा की ग्रिम अशा पेचात आहात, पण हा पेच सुटणारा नाही, तो सोडून द्यायचा आहे. शार्ल पेरोची कथा १६९७ साली पॅरिसमध्ये छापली गेली. तिच्याआधी साठेक वर्षं, १६३४ ते १६३६ या काळात, नेपल्सच्या जाम्बात्तिस्ता बाझीलेचा कथासंग्रह त्याच्या मृत्यूनंतर निघाला होता आणि त्यात हीच कथा आहे. फक्त तिथली नायिका गरीब गाय नव्हे. शिक्षिकेच्या सांगण्यावरून ती पेटीचं झाकण मानेवर पाडून पहिल्या सावत्र आईला ठार करते. मग तीच शिक्षिका दुसरी सावत्र आई होते आणि आपल्या सहा मुली घरात आणते! त्याही मागे गेलात तर नवव्या शतकातल्या चीनमध्ये ये श्येन नावाच्या मुलीची गोष्ट नोंदवलेली सापडते. तिला मदत करणारी परी नाही, मारून टाकलेल्या माशाची हाडं आहेत, आणि बूट सोन्याचा आहे. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने तर इजिप्तमधली एक आख्यायिका सांगितली आहे, त्यात गरुड एका बाईची सँडल उचलतो आणि मेम्फिसच्या राजाच्या मांडीवर टाकतो. १८९३ मध्ये मॅरियन रोअल्फ कॉक्स या बाईंनी लंडनच्या फोकलोअर सोसायटीसाठी या कथेची आणि तिच्या सख्ख्या-चुलत कथांची ३४५ रूपं गोळा करून छापली, तीही सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी.

म्हणजे मूळ शोधायला निघालात तर प्रकल्प त्यातच संपेल. त्याऐवजी एक नेमका प्रश्न विचारा: या रूपांतरकर्त्याच्या टेबलावर कुणाची कथा उघडी पडलेली होती? याचं उत्तर बहुतेक वेळा सापडतं. भोपळ्याची बग्गी, परी-गॉडमदर, काचेचा बूट आणि बाराचे ठोके दिसले की समजा पेरो. आईच्या थडग्यावरचं झाड, कबुतरं, राखेत टाकलेली मसूर निवडायची शिक्षा, जिन्यावर फासलेलं डांबर दिसलं की ग्रिम. ग्रिम बंधूंच्या आज नेहमी वाचल्या जाणाऱ्या आवृत्तीत मध्यरात्रीची मुदतच नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. तिथे ती मुलगी संध्याकाळ झाली म्हणून घरी निघते, आणि राजपुत्राला चुकवते ती स्वतःच्या चलाखीने. कधी कबुतरखान्यात शिरते, कधी झाडावर चढते.

आणि पुष्कळदा टेबलावर कथा नसतेच, दुसरं एखादं रूपांतर असतं. ब्रिटनमध्ये नाताळात होणाऱ्या पँटोमाइममध्ये, म्हणजे गाण्या-विनोदाच्या नाटकात, राजपुत्राचा दांदिनी नावाचा नोकर हमखास असतो. तो ना पेरोकडे आहे ना ग्रिमकडे. तो रॉसिनीच्या १८१७ सालच्या इटालियन ऑपेरातून आला. लंडनच्या स्ट्रँड थिएटरमध्ये १८६० साली हेन्री बायरन यांनी या ऑपेराची टर उडवणारं एक नाटक केलं, तिथून तो पँटोमाइममध्ये शिरला आणि कायमचा राहिला. त्याच पँटोमाइममध्ये सावत्र बहिणींची कामं पुरुष करतात. म्हणून १९४८ मध्ये नृत्यदिग्दर्शक फ्रेडरिक अॅश्टन यांनी लंडनमध्ये सिंड्रेलाचा बॅले बसवला, तेव्हा त्या बहिणी त्यांनी स्वतः आणि रॉबर्ट हेल्पमन यांनी नाचल्या. संगीत रशियन संगीतकार प्रोकोफिएव्हचं, मॉस्कोत १९४५ साली पहिल्यांदा सादर झालेलं. बहिणी मात्र लंडनच्या नाताळातल्या. आपल्याकडच्या भावकीसारखं आहे हे: कोण कुणाचं काय लागतं ते सरळ रेघेत सांगता येत नाही, पण जमिनीचा वाद निघाला की सगळ्यांची नावं सात-बारावर सापडतात.

इथेच एक खड्डा आहे, त्यात दर वर्षी कुणीतरी पडतं म्हणून सांगते. 'मूळ कथा क्रूर होती, डिस्नेने ती गोड केली' हे वाक्य तुमच्या मसुद्यात असेल तर आत्ताच खोडा. डिस्नेच्या १९५० च्या चित्रपटाने पेरोची कथा घेतली आणि श्रेयनामावलीत तसं सांगितलंही. पेरोच्या कथेत कुणी टाच कापत नाही, कुणाचे डोळे फोडत नाही. सिंड्रेला बहिणींना माफ करते, राजवाड्यात नेते आणि दरबारातल्या दोन सरदारांशी त्यांची लग्नंही लावून देते. गोडवा डिस्नेच्या अडीचशे वर्षं आधीचा आहे. बूट बसावा म्हणून बहिणींनी टाच आणि अंगठा कापणं ग्रिमकडचं. बरं, ग्रिमकडे तरी जुनं तितकं क्रूर असं आहे का? तेही नाही. कबुतरं बहिणींचे डोळे टोचतात तो शेवट १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत नाही, तो १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत आला. म्हणजे मुलांसाठी पुस्तक नीटनेटकं करता करता शिक्षा वाढली. तुम्ही ग्रिम वाचलात म्हणता, तर कुठली आवृत्ती वाचलीत ते बघा. बाजारात आणि इंटरनेटवर मिळतात ती भाषांतरं बहुतेक १८५७ च्या शेवटच्या आवृत्तीवरून केलेली असतात.

आता पद्धत. सगळी कथा सगळ्या माध्यमांतून तपासू नका. कथेतली एक गाठ निवडा, अशी गाठ की जी प्रत्येक सांगणाऱ्याला सोडवावीच लागते, टाळून पुढे जाता येत नाही. सिंड्रेलात ती माझ्या मते बुटाची आहे. नीट विचार केलात तर एक विचित्र प्रश्न उभा राहतो: राजपुत्र रात्रभर जिच्याबरोबर नाचला, तिचा चेहरा त्याने हातभर अंतरावरून पाहिला, तिला ओळखायला त्याला बूट कशाला लागतो?

कागदावर वाचताना हा प्रश्न सहसा पडत नाही. पेरो तिचे कपडे, बग्गी, बहिणींना तिने दिलेली संत्री आणि लिंबं सांगतो, चेहरा सुंदर म्हणून सोडून देतो. वाचकाला तो चेहरा दिसतच नाही, त्यामुळे तो ओळखू का येत नाही असंही वाटत नाही. शिवाय पेरोचा राजपुत्र बूट घेऊन स्वतः दारोदार फिरत नाही, एका दरबारी माणसाला पाठवतो. ग्रिमचा राजपुत्र स्वतः येतो आणि दोनदा चुकीची मुलगी घोड्यावर बसवून निघतो. बुटातून रक्त गळतंय हे त्याला कबुतरांनी सांगावं लागतं. खरी मुलगी बूट घालून उभी राहते आणि तो तिच्या तोंडाकडे बघतो, तेव्हा कुठे त्याला ओळख पटते. ही जागा काढून पुन्हा वाचा. आधी बूट, मग चेहरा, असा क्रम तिथे मुद्दाम लावलेला आहे.

तीच गोष्ट रंगमंचावर किंवा पडद्यावर गेली की प्रेक्षकाला नटीचा चेहरा सतत दिसत असतो. फाटके कपडे घातले तरी ती तीच आहे हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं. मग राजपुत्र मूर्ख ठरू नये यासाठी प्रत्येकाला काहीतरी युक्ती काढावी लागते. त्या युक्त्या म्हणजे तुमचा प्रकल्प.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण रॉसिनीचं, म्हणून जरा सविस्तर सांगते. त्याचा 'ला चेनेरेंतोला' (म्हणजे सिंड्रेलाच) हा ऑपेरा २५ जानेवारी १८१७ ला रोमच्या तेआत्रो व्हाल्लेमध्ये पहिल्यांदा झाला. संहिता याकोपो फेर्रेत्तीची. त्यात बूटच नाही. त्याऐवजी कडं आहे, हातातलं. पोपच्या सत्तेखालच्या रोममध्ये गायिकेने रंगमंचावर पाय उघडा करणं चाललं नसतं, असं कारण नेहमी दिलं जातं. बरेच विद्यार्थी एवढं लिहितात आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतात. पण कारण तेवढंच धरलं तरी परिणाम काय झाला ते बघा. बूट पायातून निसटतो, कडं काढून द्यावं लागतं. सिंड्रेला, म्हणजे इथली अँजेलिना, जोडीतलं एक कडं स्वतः राजपुत्राच्या हातात ठेवते आणि सांगते, दुसरं माझ्या हातात असेल, शोध मला, आणि तेव्हाही मी तुला आवडले तर तुझी. म्हणजे पळणारी मुलगी इथे अट घालणारी झाली.

चेहऱ्याचा घोळही फेर्रेत्तीने सुरुवातीलाच मिटवून टाकलाय. राजपुत्र नोकराच्या वेषात तिच्या घरी येतो, तिला चिंध्यांतच बघतो आणि तिथेच प्रेमात पडतो. इकडे दांदिनी राजपुत्र बनून बहिणींना झुलवत राहतो. ती मेजवानीला येते ती तोंडावर बुरखा घेऊन. बुरखा काढल्यावर सगळ्यांना ती घरातल्या मोलकरणीसारखी दिसते आणि सगळे चक्रावतात. ज्या साम्याकडे पेरोची कथा काणाडोळा करते, त्याच साम्यावर इथे एक अख्खा गोंधळ रचलाय. ऑपेरात पाच-सहा जण एकाच वेळी वेगवेगळे विचार गाऊ शकतात, त्यामुळे 'हीच का ती?' हा संभ्रम तिथे खुलतो. गद्यात तो एका वाक्यात संपला असता. परी-गॉडमदरच्या जागी राजपुत्राचा गुरू अलिदोरो हा तत्त्वज्ञ आहे, आणि सावत्र आईच्या जागी सावत्र बाप डॉन मान्यिफिको. हा दुसरा बदल मुलांना नेहमी 'पितृसत्ता' या कप्प्यात टाकावासा वाटतो. टाका, पण त्याआधी हेही लिहा की इटालियन विनोदी ऑपेरात बढाईखोर म्हाताऱ्याची भूमिका करणारा खालच्या पट्टीतला गायक ही ठरलेली जागा होती. गायकांचा संच समोर ठेवून संहिता लिहिली जायची.

बॅलेत शब्द नाहीत, गाणंही नाही. तिथे प्रोकोफिएव्हने सिंड्रेलाला तीन स्वतंत्र सुरावटी दिल्या: एक छळ सोसणारीची, एक स्वप्न बघणारीची, एक प्रेमात पडलेलीची. राजपुत्राने ओळखायच्या आधी आपण तिला कानाने ओळखलेलं असतं. बुटाचं मात्र बॅलेत अवघड होतं, कारण तिथे तर सगळ्याच जणी खास बुटांत नाचत असतात! अॅश्टनच्या बॅलेत ती बहिणीला बूट घालायला मदत करायला वाकते आणि तिने जपून ठेवलेला दुसरा बूट खाली पडतो. पाय आत बसतो की नाही हे लांबून दिसत नाही, खाली पडलेला बूट दिसतो.

आता डिस्ने. तुम्ही तो चित्रपट बघितलाय, पण शेवटचा भाग घड्याळ लावून पुन्हा बघा. सावत्र आई मुलीला माडीवरच्या खोलीत कोंडते आणि किल्ली खिशात टाकते. खाली बहिणी बुटात पाय कोंबतायत. वर जाणाऱ्या उंच जिन्यावरून दोन उंदीर, स्वतःच्या आकाराची ती किल्ली, एकेक पायरी चढवतायत. कॅमेरा खाली, वर, खाली, वर. एकाच वेळी घडणाऱ्या दोन गोष्टी आलटून पालटून दाखवून जीव टांगणीला लावायचा, हे सिनेमाचं स्वतःचं हत्यार. पेरोला ते उपलब्ध नव्हतं आणि त्याला त्याची गरजही नव्हती. मग ती खाली येते, सावत्र आई काठी आडवी घालते, नोकर अडखळतो आणि बूट फुटतो. पेरोकडे आधी बूट पायात बसतो आणि नंतर ती खिशातून दुसरा काढते, जणू पुराव्याला पुरावा. डिस्नेने क्रम उलटा केला: पुरावा नष्ट, सगळं संपलं, आणि तेवढ्यात ती म्हणते, दुसरा माझ्याकडे आहे. काचेचा बूट अडीचशे वर्षं काचेचा होता, पण ती काच फुटू शकते हे पेरोने वापरलं नव्हतं. राजपुत्राच्या मूर्खपणाचं काय? सोपं आहे, तो त्या वेळी तिथे नाहीच. ग्रँड ड्यूकला पाठवलंय. इथे मात्र पेरोचीच युक्ती जशीच्या तशी कामाला आली.

आणि उंदीर? पेरोकडे सापळ्यातले सहा उंदीर फक्त घोडे होण्यापुरते येतात. इथे चित्रपटाचा मोठा भाग उंदीर आणि मांजर यांनी व्यापलाय. कथा तशी पाच-सात पानांची. तासाभराहून मोठ्या चित्रपटात तिला काहीतरी जोड लागणारच. पण आणखीही एक कारण मला पटतं. युद्धानंतर स्टुडिओ कर्जात होता. खर्च आवाक्यात राहावा म्हणून माणसांचे प्रसंग आधी खऱ्या नटांना घेऊन चित्रित केले आणि चित्रकारांनी ते समोर ठेवून काढले. त्यामुळे माणसं जरा जखडल्यासारखी झालीत. चित्रकारांचा हात मोकळा सुटला तो प्राण्यांत. पडद्यावर ते सरळ दिसतं: राजपुत्र लाकडी, मांजर जिवंत.

स्टीफन सॉन्डहाइमचं 'इन्टू द वुड्स' (१९८७) हे संगीत नाटक याच गाठीसाठी जरूर बघा. टेबलावर ग्रिम आहे, म्हणून झाड आणि डांबर आहे. सिंड्रेलाचा बूट डांबरात चिकटतो आणि पळून जाणं की थांबणं यांमध्ये अडकलेल्या त्या क्षणावर ती एक गाणं गाते. गाण्याच्या शेवटी ठरवते की काहीच ठरवायचं नाही, बूट मुद्दाम इथेच ठेवायचा आणि पुढचं राजपुत्राने ठरवावं. कथेत हा क्षण सेकंदाचा. गाण्यात काळ थांबवता येतो, म्हणून त्या सेकंदात एवढा विचार मावतो. २०१४ च्या चित्रपटात या गाण्याच्या वेळी तिच्याभोवतीचं सगळं गोठलेलं दाखवलंय. रंगमंचावर प्रेक्षक जे मनानेच मान्य करतो ते कॅमेऱ्याला करून दाखवावं लागलं. या दोन रूपांची नुसती ही चार मिनिटं शेजारी ठेवलीत तरी एक प्रकरण होईल.

कादंबरी हवी असेल तर मॅरिसा मायर यांची 'सिंडर' (२०१२) आहे. नायिका अर्धी यंत्र, आणि तिथे बुटाऐवजी धातूचं पाऊलच निसटतं. यावर लिहायला सोपं वाटतं, म्हणूनच सावध राहा. या कादंबरीवर विद्यार्थी सगळे एकच परिच्छेद लिहितात.

चित्राचा विचार तुमच्या यादीत नाही, तो करा असं सुचवेन. स्थिर चित्राला एकच क्षण मिळतो. फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह दोरे यांनी १८६२ च्या पेरोच्या आवृत्तीत या कथेसाठी मोजकी चित्रं काढली. त्यातल्या एकात म्हातारी गॉडमदर स्वयंपाकघरात बसून सुरीने भोपळा कोरते आहे आणि मुलगी बाजूला उभी राहून बघते आहे. बग्गी नाही, चमचम नाही. जादू व्हायच्या आधीचा, एखाद्या घरात रोज दिसेल असा क्षण त्यांनी निवडला. याच्या उलट फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलियेस. १८९९ च्या त्याच्या जेमतेम सहा मिनिटांच्या चित्रपटात तो नेमका बदल होतानाचा क्षण पकडतो, कारण कॅमेरा थांबवून वस्तू बदलायची हातचलाखी हीच त्याची खासियत. आणि बाराच्या ठोक्यांनी तो समाधान मानत नाही, घड्याळांनाच नाचवतो. दोरेचं चित्र आणि मेलियेसचा चित्रपट दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही सगळं माध्यमाच्या माथी माराल. काही बदल कलेतून येत नाहीत, वेळापत्रकातून येतात. १९७३ चा चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनी यांचा संयुक्त चित्रपट, 'पोपेल्कासाठी तीन हेझलनट' (पोपेल्का म्हणजे चेक सिंड्रेला), चेक लेखिका बोझेना न्येमत्सोव्हाच्या कथेवरचा. त्यातली नायिका घोडा दौडवते, नेम धरते, राजपुत्राची खोड मोडते. सगळीकडे बर्फ आहे, आणि त्या बर्फामुळेच तो चित्रपट चेकिया, जर्मनी आणि नॉर्वेत दर नाताळाला बघायचा चित्रपट झाला. पण चित्रीकरण उन्हाळ्यात व्हायचं ठरलेलं होतं. जर्मन स्टुडिओला हिवाळ्यात सवड होती म्हणून ते हिवाळ्यात गेलं. या बर्फाचा कुणी 'नायिकेच्या गोठलेल्या भावविश्वाचं प्रतीक' असा अर्थ लावला तर मी समासात प्रश्नचिन्ह काढते. नॉर्वेत तर सगळ्या पात्रांचे संवाद एकच पुरुष बोलतो आणि लोकांना तो तसाच हवा असतो. रूपांतर प्रेक्षकांच्या सवयीतही घडतं, त्याला दिग्दर्शक लागत नाही.

इथवरचं थोडक्यात: मूळ शोधू नका, टेबलावर काय होतं ते शोधा. एक गाठ निवडा. प्रत्येक रूपात ती कशी सुटली ते बघा. मग कारण माध्यमात आहे, पैशात आहे, की त्या गावच्या प्रेक्षकात, हे शक्य तिथे पुराव्याने आणि नाही तिथे 'मला वाटतं' म्हणून लिहा.

किती रूपांतरं घ्यायची? दोन महिन्यांत तीन, फार तर चार. माध्यमं वेगळी असू देत. पाच सिनेमे घेतलेत तर तुम्ही सिनेमाचा इतिहास लिहाल, माध्यमांतराचा अभ्यास नाही होणार. तुमच्या जागी मी असते तर पेरोची कथा, रॉसिनी आणि डिस्ने एवढ्यावर भागवलं असतं आणि 'इन्टू द वुड्स'ची ती चार मिनिटं शेवटी जोडली असती. ऑपेरा नको असेल तर दोरे घ्या. प्रत्येक रूप पहिल्यांदा वही बंद ठेवून बघा. दुसऱ्यांदा फक्त गाठीचा भाग, थांबवत थांबवत: बूट पहिल्यांदा कधी दिसतो, तो कुणाकुणाच्या हातातून जातो, ओळख पटते तेव्हा चौकटीत कोण असतं आणि कोण नसतं. ऑपेराला भाषांतरित संहिता समोर ठेवा. तुकड्यातुकड्यांच्या क्लिपवर विसंबू नका, त्यात नेमकी मधली जागा कापलेली असते.

मराठीचा संबंध लावावा का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. ओढून लावू नका, पण एक खरा धागा आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने १८६८ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' हा संग्रह छापला. गोष्टी सांगितल्या होत्या अॅना लिबराता डिसूझा या त्यांच्याकडच्या आयाने. त्यात सोदेवाबाई नावाच्या राजकन्येची गोष्ट आहे. तिची रत्नजडित मोजडी डोंगरावरून खाली जंगलात पडते आणि शिकारीला आलेल्या राजपुत्राला सापडते. पुढे लग्न होतं. 'आपली सिंड्रेला' म्हणून लगेच उड्या मारू नका. गाठ तपासा: इथे मोजडी कुणाची हे सगळ्यांना ठाऊक असतं, कारण राजाने ती हरवल्याची दवंडी पिटलेली असते. पायात घालून बघायचा प्रश्नच येत नाही. राजपुत्र मोजडी परत करायला जातो आणि बक्षीस म्हणून राजकन्येला मागणी घालतो. आणि गोष्टीचा जीव मोजडीत नाही, तिच्या गळ्यातल्या हारात आहे. लग्नानंतरचं संकट सगळं त्या हाराभोवती फिरतं. वस्तू तीच असूनही काम वेगळं, हे दाखवायला याहून चांगली तुलना मला तरी ठाऊक नाही. अॅनाने तोंडी सांगितलेलं मेरीने इंग्रजीत उतरवलं, म्हणजे आपल्यापर्यंत पोचलेलं तेही रूपांतरच, हे एका ओळीत नोंदवायला विसरू नका. पुस्तक स्वामित्वहक्काच्या बाहेर असल्यामुळे सहज उतरवून घेता येईल.

राहिला तुमचा तक्ता. तो टाकून देऊ नका, परिशिष्टात घाला आणि त्यात 'कुणावरून घेतलं' असा एक रकाना वाढवा. मॅडमना पुढच्या भेटीत सगळा प्रकल्प दाखवू नका. फक्त दोन पानं लिहून न्या: रॉसिनीचं कडं आणि डिस्नेचा फुटलेला बूट. बाकीच्या प्रकरणांचा आराखडा त्या पानांवरच्या चर्चेनंतर ठरवा.